डोहाळे आणि पाळणा यांच्यामधली बाई

मराठीत गर्भारशीसाठी डोहाळ्यांची गाणी आहेत आणि बाळासाठी पाळणे आहेत. डोहाळजेवणाला गर्भारशीचे कोडकौतुक होते, बारशाला बाळाचे. या दोन समारंभांच्या मध्ये एक बाई उभी असते. तिला आपल्या भाषेने 'बाळंतीण' असे स्वतंत्र नाव दिले आहे. परंतु डोहाळे किंवा पाळणा यांच्याइतका रूढ झालेला असा तिचा एखादा गीतप्रकार आमच्या तरी चटकन ओठांवर येत नाही. नाव आहे, पथ्य आहे, अंधारी खोली आहे. गाणे मात्र तिच्या आधीच्या अवस्थेचे किंवा तिच्या कुशीतल्या जिवाचे.

ही गोष्ट आम्हांस केवळ लोकसाहित्याच्या वर्गीकरणातली एक गंमत वाटत होती. मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजाराच्या आणि गर्भारपणाच्या संबंधाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा तिचा निराळाच अर्थ ध्यानात आला. वैद्यकशास्त्रानेही दीर्घकाळ गर्भारशीकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि मधल्या बाईकडे पाहायला विलंब लावला. प्रस्तुत टिपणात हा विलंब आम्ही दोन ठिकाणी पाहणार आहोत. एक ठिकाण आमच्या अगदी जवळचे, म्हणजे कल्याण, दुसरे युरोपातले. दोन्हींची सांगड घालून झाल्यावर पुन्हा ठाणे-डोंबिवलीच्या आजच्या घरांत येऊ.

कल्याणच्या गणपतराव जोशी यांची मुलगी यमुना हिचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. पुढची हकीकत प्रत्येक मराठी विद्यार्थ्यास ठाऊक असते: १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेस प्रयाण, फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी मिळालेली पदवी, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर झालेली नेमणूक आणि ते काम हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने आलेला मृत्यू. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

या आयुष्याचे कथन अनेकांनी केले. कॅरोलिन डॉल यांनी १८८८ साली इंग्रजीत चरित्र लिहिले, काशीबाई कानिटकरांनी मराठीत. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ ची. अंजली कीर्तने यांचे संशोधनपर चरित्र त्यानंतरचे. २०१९ साली चित्रपटही आला. या साऱ्यांची जातकुळी भिन्न आहे व त्यांना एका तागडीत तोलणे अन्यायाचे होईल. परंतु शाळेतल्या भाषणापासून वर्तमानपत्री स्मरणलेखापर्यंत या चरित्राची जी एक रूढ मांडणी झाली आहे, तिच्यात ते दहा दिवस एकच काम करतात: ते कारण पुरवतात. मूल उपचारांअभावी गेले, म्हणून आईने डॉक्टर व्हायचे ठरवले. कथानकाच्या दृष्टीने हा सांधा फार सोयीचा आहे, आणि तो खोटाही नाही. पण सांधा जुळताना एक व्यक्ती निसटते. चौदा वर्षांची जी मुलगी त्या दहा दिवसांत आणि त्यानंतरच्या महिन्यांत बाळंतीण होती, तिच्या शरीराचे काय झाले?

त्या काळी वयाचा प्रश्न कायद्याच्या लेखीही प्रश्न नव्हता. १८६० च्या दंडसंहितेत संमतिवयाची मर्यादा दहा वर्षांची होती. १८९१ साली केवढे तरी रण माजून ती बारावर आली. म्हणजे नव्या कायद्यानेही आनंदीबाईंचे बाळंतपण टळले नसते. कलकत्ता आणि श्रीरामपूर येथील वास्तव्यात त्या सतत आजारी असत. अशक्तपणा, डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी धाप लागणे, अशा तक्रारींचा उल्लेख त्यांच्या चरित्रांत येतो; न्यू जर्सीच्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी अमेरिकेहून औषधेही धाडली होती. या तक्रारींचे निदान आज बसल्या जागी करणे हा उठवळपणा ठरेल. आम्हांस एवढेच नोंदवावयाचे आहे की, मूल गेल्यावर त्यांचे बाळंतपण कथेच्या दृष्टीने संपले. शरीराच्या दृष्टीने ते संपत नसते.

ज्यांच्या बाळंतपणाची अशी आबाळ झाली, त्याच आनंदीबाईंनी पदवीच्या प्रबंधासाठी विषय निवडला तो 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' हा. आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके असे दोन्हींकडचे आधार त्यांनी घेतले. हा विषय निवडण्यामागे स्वदेशाभिमान होता असे सांगितले जाते, आणि तो असेलही. परंतु त्या संस्कृत ग्रंथांत आणखी एक गोष्ट आहे. सुश्रुत आणि चरक यांच्या शारीरस्थानांत गर्भिणीप्रमाणेच 'सूतिका' हीदेखील वैद्याच्या लक्षाचा स्वतंत्र विषय आहे. सूतिकेचा रोग बरा होण्यास कठीण असतो, कारण गर्भाच्या वाढीने तिचे सारे धातू शिथिल झालेले असतात, असे चरक बजावतो. सुश्रुताने तर तिच्या नावाची मुदतही ठरवून दिली आहे. दीड महिन्याने आहारविहाराची बंधने सुटली की तिचे 'सूतिका' हे नाव जाते. आणि काहींच्या मते पुन्हा रजोदर्शन होईपर्यंत ते राहते. आपल्या घरांतला सव्वा महिना याच विचाराच्या जातीचा. बाई बाळंतपणातून कधी बाहेर येते हा मतभेदाचा विषय आहे, याची जाणीव त्या जुन्या वाक्यात आहे. ही जाणीव ध्यानात ठेवून आता युरोपात जाऊ.

मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मेंदू आणि मज्जारज्जू यांचा आजार. मज्जातंतूंवर विजेच्या तारेवर असते तसे एक वेष्टण असते, त्यास मायलिन म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा चुकून या वेष्टणावरच हल्ला करते, ते जागोजाग झिजते आणि तेथे चट्टे पडतात. चट्टा कोठे पडला त्याप्रमाणे लक्षण: कोणाची एका डोळ्याची दृष्टी अंधुक होते, कोणाचे पाय जड होतात, कोणास मुंग्या येतात, कोणाचा तोल जातो, कोणास साध्या कामाने अतोनात थकवा येतो. पुष्कळांत हा आजार झटक्याझटक्यांनी येतो. काही दिवस किंवा आठवडे त्रास, मग बरीचशी किंवा पूर्ण सुधारणा, पुन्हा केव्हातरी झटका. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुप्पट ते तिप्पट आढळतो. म्हणजे लग्न आणि मुले यांचे जे वय, तेच या आजाराचेही.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को याने १८६८ साली या आजाराची लक्षणे आणि मेंदूतले चट्टे यांची संगती लावून त्याला वेगळी ओळख दिली. साल्पेत्रिएर हे मुख्यतः स्त्रियांचे रुग्णालय होते. वाङ्मयाच्या अभ्यासकांना येथे एक योगायोग जाणवेल. या आजाराची सर्वांत जुनी सविस्तर आत्मकथनात्मक नोंद म्हणून जी सांगितली जाते, ती एका पुरुषाची रोजनिशी आहे: इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस डेस्टे याची, १८२२ पासूनच्या आपल्या दुखण्याची. साल्पेत्रिएरच्या स्त्रियांची दुखणी मात्र आपणांस शार्कोच्या शब्दांत मिळतात.

शार्कोनंतरच्या पिढ्यांनी या स्त्रियांच्या गर्भारपणाविषयी जे मत बनवले, ते सरळ निषेधाचे होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतले अनेक डॉक्टर अशा रुग्णेस मूल होऊ देऊ नका असे सांगत. दिवस गेले असल्यास गर्भपाताचा सल्ला देत. हे मत क्रूरपणातून आले असे नाही. आई झाल्यावर अंथरुणास खिळलेली बाई डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असे. तिचा आजार बाळंतपणानंतर बळावला हे त्यांना दिसे. मात्र यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष गर्भारपणाविषयी होता. 'बाळंतपणानंतर' या शब्दातला 'नंतर' त्यांनी वेगळा काढून पाहिला नाही. शिवाय ज्या बायका बाळंत होऊन धडधाकट घरी राहिल्या, त्या रुग्णालयात कशाला येतील? त्यांची गणती कोणी केली नव्हती.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून जुने कागद चाळून काही गणती होऊ लागली आणि त्या निषेधाविषयी शंका निघू लागल्या. निर्णायक गणती झाली ती मात्र १९९८ साली. फ्रान्समधल्या लिऑनचे क्रिस्त्याँ काँफाव्ह्र आणि त्यांचे सहकारी यांनी युरोपातल्या १२ देशांतल्या २५४ स्त्रियांच्या २६९ गर्भारपणांचा मागोवा घेतला. या स्त्रियांना आधीच आजार होता. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले, आणि झटके मोजण्यात आले. निष्कर्ष 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले.

गर्भारपणाच्या आधीच्या वर्षात झटक्यांचे प्रमाण दर बाईमागे वर्षाला ०.७ होते. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ते ०.२ वर आले. ज्या काळाला सर्वांत धोक्याचे मानले जात होते, तोच सर्वांत सुरक्षित निघाला! आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते प्रमाण १.२ वर चढले. पुढे हळूहळू पूर्वस्थितीवर आले. सारा हिशेब एकत्र केला तर गर्भारपणाने आजाराची एकंदर गती वाढल्याचे दिसले नाही. अंगावर पाजल्याने किंवा प्रसूतीच्या वेळी पाठीतून दिलेल्या भुलीनेही अपाय झाल्याचे आढळले नाही. याच स्त्रियांचा दोन वर्षांपर्यंतचा वृत्तांत २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात आणखी एक दिलासा होता: बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत झटका आला तो २८ टक्के स्त्रियांना, उरलेल्या ७२ टक्क्यांना आला नाही.

असे का व्हावे? गर्भ हा अर्धा परका असतो. त्यात पित्याचा वाटा असतो. आईच्या शरीराने त्याला परका म्हणून हाकलू नये यासाठी गर्भारपणात तिची प्रतिकारयंत्रणा आपला पवित्रा बदलते, आणि वाढलेली संप्रेरके तिला साहाय्य करतात. परक्याला सांभाळण्यासाठी आलेली ही सौम्यता स्वतःच्या मज्जातंतूंनाही संरक्षण देते. मूल बाहेर आले की संप्रेरके झपाट्याने उतरतात, आणि ती सौम्यता ओसरते. बाळाचे बारसे होत असते त्याच सुमारास आईच्या शरीरात जुने वैर पुन्हा जागे होण्याची शक्यता असते.

या शोधाचा अर्थ आमच्या मते केवळ वैद्यकीय नाही. कित्येक दशके या स्त्रियांना 'आई होऊ नका' असे सांगितले गेले. त्यांना सांगावयास हवे होते ते असे, की आई व्हा, पण बाळंतीण असाल तेव्हा तुमच्यापाशी कोणीतरी असू द्या. पहिल्या वाक्यात सारा भार बाईवर आहे. दुसऱ्यात तो घरावर, डॉक्टरवर आणि समाजावर येतो. चुकीचे वाक्य इतकी वर्षे टिकले याचे एक कारण कदाचित हेही असेल, की ते इतरांना सोयीचे होते.

आता पुन्हा आमच्या परिसरात. या आजाराविषयी भारतात फार दिवस असा समज होता की तो थंड मुलखातल्या गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे विरळाच. मुंबईतल्या पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात आढळतो हे डॉ. नोशीर वाडिया आदींच्या अभ्यासांतून १९९० च्या सुमारास पुढे आले. एम. आर. आय. तपासणी शहरोशहरी पोचली तसतसे इतरांचेही निदान होऊ लागले. रुग्णांसाठी काम करणारी मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ साली मुंबईत सुरू झाली, आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात या आजाराचा नावानिशी उल्लेख आला. म्हणजे आता नाव आहे, कायदा आहे, औषधेही आहेत. १९९३ पासून झटके कमी करणारी औषधे जगात येऊ लागली. त्यांतली काही गर्भधारणेच्या बऱ्याच आधी थांबवावी लागतात, काही चालू ठेवता येतात. म्हणून मूल हवे असल्यास ती गोष्ट मेंदुविकारतज्ज्ञाला आधीच सांगावी लागते.

आणि घर? ठाणे असो, कल्याण असो की डोंबिवली, बाळंतिणीची खोली आजही बहुतेक घरांत ओळखू येते. पंखा बंद, कानाला फडके, ओव्या-शेपांची धुरी, मालिशवाली बाई, कढत पाण्याने न्हाऊ, मग शेक. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर. शेगडी गेली असेल, तिच्या जागी विजेची शेगडी आली असेल; ऊब देण्याचा विचार तोच आहे. या आजारात मात्र उष्णतेचे एक वेगळेच गणित आहे. शरीराचे तापमान थोडेसे वाढले तरी झिजलेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाहीत आणि जुनी लक्षणे तात्पुरती उफाळतात. व्यायामानंतर दृष्टी मंदावण्याचा हा प्रकार १८९० साली विल्हेल्म ऊटहॉफ याने नोंदवला. पुढे तर निदानासाठी रुग्णाला गरम पाण्यात बसवून पाहण्याची रीत होती! खाडीकाठची एप्रिल-मे महिन्यांतली हवा, बंद खिडक्या आणि वर शेक: ज्या मायेने ही ऊब दिली जाते, तिच्यामुळेच अशा बाळंतिणीचे पाय लटपटू लागतील, डोळ्यांपुढे धुके येईल. ही बिघडलेली अवस्था अंग निवले की जाते; तिने नवा चट्टा पडत नाही. पण घाबरवून सोडण्यास ती पुरेशी असते.

उलट बाजूही तेवढीच गंभीर आहे. खरोखरीच झटका आला, हातपाय बधिर झाले, एक डोळा अंधुक झाला, आणि हे सारे दिवसच्या दिवस टिकले, तर घरात काय म्हणतात? 'बाळंतपणाचा अशक्तपणा आहे', 'वात धरला असेल', 'रात्रीची जागरणे होतात ना'. ही वाक्ये प्रेमानेच बोलली जातात. त्यांत आठवडे जातात. या काळात डॉक्टरकडे फेऱ्या होतात त्या बाळाच्या लसीसाठी. वजनही बाळाचेच होते. आईला कोणी विचारत नाही असे नव्हे, पण तिच्याकडे पाहणाऱ्यांची दृष्टी एकदा तिच्या कुशीकडे वळली की ती परत वर येण्यास वेळ लागतो.

म्हणून परंपरेस मोडीत काढावे असे आम्हांस मुळीच सुचवायचे नाही. सव्वा महिन्याच्या रीतीत एक फार मोठे शहाणपण आहे, आणि युरोपातल्या त्या गणतीने त्याला नकळत दुजोराच दिला. प्रसूतीने बाईचे काम संपत नाही, तिला विश्रांती हवी, कोणीतरी रात्री मूल घ्यायला हवे, तिने जड काम करू नये. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म असे आपल्या आज्या म्हणत त्या उगीच नव्हे. फक्त या आजाराच्या बाबतीत मुदत वाढवावी लागेल: सव्वा महिना नव्हे, निदान तीन महिने. आणि शेक वगळावा लागेल. सुश्रुताच्या त्या वाक्यात दोन मते नोंदवलेली आहेतच, हे तिसरे.

आनंदीबाईंच्या प्रबंधाकडे आम्ही या उजेडात पुन्हा पाहतो तेव्हा त्याचे महत्त्व निराळे भासते. एक मराठी बाई बाळंतपणाविषयी वैद्य या नात्याने लिहीत होती. सूतिकेविषयीचे पुरुषांनी लिहिलेले ग्रंथ, जी स्वतः सूतिका होऊन गेली होती तिच्या हाती आले होते. प्रबंधाच्या शिस्तीत स्वतःच्या अनुभवाला जागा नसते, तशी ती त्या काळी असणेही शक्य नव्हते. तरी शास्त्र जाणणारी आणि सोसलेली अशी ती एकच व्यक्ती होती. कोल्हापूरच्या त्या स्त्रीविभागात तिला दहा वर्षे जरी मिळाली असती, तरी खाटेवरच्या बायकांना तिने काय विचारले असते आणि काय लिहून ठेवले असते, याची कल्पना करण्यापलीकडे आपल्या हाती काही नाही.

पण एक गोष्ट हाती आहे, आणि ती साहित्याच्या शिक्षकांच्या व विद्यार्थ्यांच्या कक्षेतली आहे. चरित्र असो, कादंबरी असो वा आत्मकथन, त्यात मूल जन्मते तेथे परिच्छेद संपतो आणि पुढचा परिच्छेद मुलापासून, किंवा मुलाच्या मृत्यूपासून, सुरू होतो. वर्गात अशी जागा आली की तेथे थांबून विचारावे: बाळंतीण कुठे गेली? त्या २५४ स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न कोणीतरी विचारला, प्रसूतीनंतरही त्यांच्याकडे पाहत राहिले, म्हणून एक जुना निषेध गळून पडला. वाचनातही तेवढेच करावयाचे आहे. परिच्छेद संपला तरी नजर काही काळ तिच्यावर ठेवायची.